तितिकाकाकाठच्या पुनोत किती दिवस राहावं आणि तिथे कसं पोहोचावं

तुमचा बेत मला असा समजला. नाशिकचे दोघे मित्र, जुलैत सोळा दिवस पेरू. लिमाहून विमानाने हुलियाका, तिथून तितिकाका सरोवराकाठचं पुनो, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी उरोसची तरंगती बेटं आणि त्याच रात्रीच्या बसने कुस्को. दोघांनीही मागच्या वर्षी लडाख केलंय, एक जण शाकाहारी आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पुनोला एक रात्र पुरेल का, आणि उंचीचा एवढा बाऊ करायची गरज आहे का.

एक रात्र पुरत नाही. उंचीचं म्हणाल, तर तुम्ही आखलेल्या मार्गात ती सगळ्यात वाईट तऱ्हेने अंगावर येणार आहे. मी बरीच वर्षं छोटे गट घेऊन या भागात जातोय. पुनोबद्दल 'गाव कळकट, बेटं म्हणजे नुसता बाजार, डोकं दुखून हैराण झालो' असं ज्यांच्याकडून ऐकलं, त्यांतले जवळजवळ सगळे तुमच्यासारखाच बेत करून गेलेले होते. म्हणून आधी मार्ग बदला, मग पुनोला चार रात्री द्या आणि त्यांतली निदान एक बेटावर काढा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आधी उंची. पुनो ३,८३० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षा तीनशेहून जास्त मीटर वर. कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी पुनो त्यांच्या वरच राहतं. तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३-६४ टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी मिळतो. पाणी सुमारे ८७ अंशांवर उकळतं. लिमा समुद्राकाठी आहे. तिथून दीड तासाच्या विमानात बसून तुम्ही थेट या हवेत उतरणार, आणि शरीराला याची कसलीही पूर्वसूचना मिळालेली नसणार.

'लडाखला काही झालं नव्हतं' ही तुमची मोठी भिस्त दिसते. ती सोडून द्या. उंचीची सवय काही आठवड्यांत उतरते, मागच्या वर्षीची यंदा उपयोगी पडत नाही. लडाखला त्रास झाला नाही म्हणजे तुमची प्रकृती बहुधा उंचीला बरी साथ देते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस तुम्ही निमूट पडून राहिला असाल, कारण तिथे हॉटेलवालाही तसंच बजावतो. पुनोत तुम्हाला कोणी बजावणार नाही.

पुनोची खरी अडचण नकाशावर चटकन दिसत नाही. हा सगळा मुलूख, ज्याला आल्तिप्लानो म्हणतात, पावणेचार हजार मीटरवरचं एक अफाट पठार आहे. मनालीत त्रास झाला तर गाडी काढून तासाभरात खाली येता येतं, तशी सोय इथे नाही. जवळचं सखल मोठं शहर आरेकिपा (२,३३५ मीटर), पण ते बसने सहा तास. आणि तो रस्ता खाली उतरण्याआधी आणखी वर, साडेचार हजार मीटरच्या जवळपास चढतो. आजारी माणसाला खाली न्यायचं तर आधी आणखी वर न्यावं लागतं. नाहीतर हुलियाकाहून लिमाचं विमान, जे तुम्हाला हवं त्या वेळी असेलच असं नाही.

माझ्याबरोबरच्या एका तरुणाच्या बाबतीत हे घडलं. तो आमच्या दोन दिवस आधी थेट लिमाहून आला होता. स्थानिक टूरवाल्याने त्याला त्याच संध्याकाळी कुंतुर वासीला पाठवलं. पुनोच्या डोक्यावरची ही टेकडी, वर पंख पसरलेल्या काँडोर पक्ष्याचा पुतळा आणि तिथवर सहाशेच्या वर पायऱ्या. पोरगा सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक करणारा, दमसास उत्तम. चढला, फोटो काढले, खाली येऊन पिझ्झा आणि बिअर. पहाटे डोकं फुटायला आलं, दोनदा उलटी झाली. तरी सकाळी टूरवाला दाराशी आला म्हणून बोटीत बसला. आम्ही भेटलो तेव्हा मी त्याला फरशीच्या एका रेघेवरून, टाचेला अंगठा लावत, सरळ चालून दाखवायला सांगितलं. चौथ्या पावलाला त्याचा तोल गेला. त्याला तडक रुग्णालयात नेऊन प्राणवायू लावला आणि दुसऱ्या दिवशी विमानाने लिमाला उतरवलं. लिमात तो काही तासांत ठणठणीत झाला. त्याचा दमसास कमी नव्हता, त्याची घाई जास्त होती. उंचीचा त्रास धट्टाकट्टा माणूसही चुकवू शकत नाही. उलट तो पळतो, म्हणून त्यालाच आधी गाठतो.

ती रेघेवरची चाचणी लक्षात ठेवा. डोकेदुखी, भूक मरणं, मळमळ, झोप न लागणं याला तिथले लोक सोरोचे म्हणतात. हे बहुतेकांना थोडंफार होतंच. आराम आणि पाणी यांनी एक-दोन दिवसांत जातं, पण ते असेपर्यंत आणखी वर चढायचं नाही. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं किंवा छातीत घरघरणारा ओला खोकला ही मात्र वेगळी गोष्ट. तेव्हा बसची वेळ बघायची नाही, रुग्णालय गाठायचं. रात्री झोपेत श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग आली तर घाबरू नका, या उंचीवर ते सर्रास होतं. ऑक्सिमीटर नेलात तर ८५ ते ९० चे आकडे बघून तुमची गाळण उडेल. त्या हवेत ते नेहमीचे आहेत. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतो, कसा चालतो ते बघा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना ते आवर्जून सांगा. झोपेची गोळी आणि दारू पहिले दोन-तीन दिवस नको.

आता मार्ग. लिमाहून आरेकिपाला जा आणि तिथे दोन रात्री काढा. तुमच्याकडे सोळा दिवस आहेत, त्यामुळे पुढची एक रात्र कोल्का दरीतल्या चिवायला (३,६३५ मीटर) देता येईल. वाटेत पातापाम्पाची ४,९०० मीटरवरची खिंड लागते. तिथे गाडीतून उतरा, दहा मिनिटं थांबा, पळू नका, आणि खाली या. चिवायहून पुनोला थेट पर्यटक-बस मिळते. अशी शिडी केलीत की पुनोत उतरताना शरीर अर्धंअधिक तयार असतं. मग पुनोहून कुस्को (३,४०० मीटर) आणि पवित्र दरी हा वाटेतली एक खिंड सोडली तर उताराचाच प्रवास होतो. तुमचाच बेत, फक्त आरेकिपाहून सुरू केलेला.

पुनोत पोहोचलात की पहिला दिवस काही करायचं नाही. हे मी मनापासून सांगतोय, कारण तो दिवस मला स्वतःला फार आवडतो. सॅक हॉस्टेलात टाका, कोकाच्या पानांचा किंवा मुन्याचा चहा घ्या. मुन्या ही पुदिन्याच्या वासाची रानवनस्पती, या पठारावर घरोघरी असते. मग हिरोन लीमा या पायी चालायच्या रस्त्यावरून मुख्य चौकापर्यंत रमतगमत जा. शहर दिसायला देखणं नाही, हे मान्य. गिलावा न केलेल्या लाल विटांची घरं टेकड्यांवर चढत गेलेली. पण ही वस्ती १६६८ मध्ये लाइकाकोता चांदीच्या खाणीच्या भांडणातून उभी राहिली. उत्तरेकडची केचुआ भाषा आणि दक्षिणेकडची आयमारा भाषा इथल्या बाजारात समोरासमोर येतात. मध्यवर्ती मंडईत बटाट्यांच्या राशींसमोर नुसतं उभं राहा. जांभळे, काळे, गाठाळ, पाइनकोनासारखे. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो माणसाने पहिल्यांदा लावला तो याच मुलखात, या सरोवराच्या आसपास.

उरोसबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात, आणि मला दोन्ही पटत नाहीत. हो, बोट लागली की गाणं म्हणून स्वागत होतं, कापडं दाखवली जातात, लव्हाळ्याच्या बोटीत फेरी मारण्याचे वेगळे पैसे घेतात. मूळ उरू भाषाही गेली, आता तिथले लोक आयमारा बोलतात. पण जे पायाखाली आहे ते खोटं नाही. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या मुळांचा तरंगणारा, भुसभुशीत जाड थर ते करवतीने ठोकळ्यांत कापतात, ठोकळे दोरांनी एकमेकांना बांधतात, वर कापलेला तोतोरा आडवा-उभा पसरतात आणि सगळं निलगिरीच्या खुंट्यांनी तळाशी जखडतात. खालचा थर कुजत जातो म्हणून वर सतत नवा घालावा लागतो. पाऊल टाकलं की भाताच्या पेंढ्यांच्या उडवीवर चढल्यासारखं आत जातं. असं घर वर्षभर तरंगतं ठेवणं ही मोठी मेहनत आहे. तिथे तासभर थांबा, काहीतरी विकत घ्या आणि पुढे चला. फक्त उरोस बघून परत फिरलात तर मात्र तुम्ही तितिकाका पाहिलाच नाही. उरोस पुनोच्या उपसागरात आहे, शहराच्या सांडपाण्याने खराब झालेल्या पाण्यात. खरं सरोवर त्या लव्हाळ्यांपलीकडे उघडतं: ८,३०० चौरस किलोमीटर पाणी, कुठे कुठे २८० मीटर खोल, आणि पलीकडे बोलिव्हियाचे बर्फाचे डोंगर.

म्हणून आमान्तानी बेट. धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमारास बेटवाल्यांच्या सामायिक बोटी सुटतात. शहरातल्या एजंटऐवजी धक्क्यावरच तिकीट घ्या, आणि राहण्याचे पैसे शक्यतो थेट यजमान घरात द्या. बोट संथ आहे, साडेतीन-चार तास लागतात. बेटावर हॉटेलं नाहीत म्हटलं तरी चालेल. धक्क्यावर घरातली बाई न्यायला येते आणि तुम्ही तिच्या मागून चढायला लागता. ती गप्पा मारत, हातात टकळीवर लोकर कातत चालते. आपण दर वीस पावलांवर थांबतो. तिला ते माहीत असतं, तीही थांबते, न सांगता.

मी जिथे नेहमी उतरतो त्या घराचं स्वयंपाकघर माजघराएवढंही नाही. मातीची चूल, शेणगोवऱ्यांचा आणि निलगिरीच्या फाट्यांचा धूर, कोपऱ्यात गिनीपिग खुडबुडताहेत. जेवायला किनुआचं सूप, उकडलेले बटाटे, ओका नावाचं किंचित गोड कंद आणि तळलेलं चीज. जून-जुलैत अंगणाच्या वरच्या बाजूला मोकळ्या जमिनीवर छोटे बटाटे पसरलेले दिसतील. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने सुटतात, मग सकाळी घरातली माणसं अनवाणी पायांनी ते तुडवून पाणी काढतात. असे काही दिवस गेले की हातात येतो तो चुन्यो, खडखडीत वाळलेला, खड्यासारखा टणक पण हलका, वर्षानुवर्षं टिकणारा बटाटा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड पडतात, तशी त्यांची थंडीतली वाळवण. एकदा आजीबाईंनी मला बूट काढायला लावून त्यात उतरवलं. पायाखाली बर्फाचा चुरा, आणि प्रत्येक पावलाला बटाट्याची साल सुटून पाण्याची चिळकांडी. पाच मिनिटांत माझी बोटं बधिर झाली. त्या तासभर तुडवत होत्या.

संध्याकाळी बेटाच्या माथ्यावर पाचातता आणि पाचामामा, म्हणजे पितृभू आणि मातृभू, यांची दोन जुनी देवस्थानं आहेत. तिथवरची चढण ४,१०० मीटरच्या पुढे जाते. तुम्ही पहिल्या दिवशी आराम केलेला असेल तर जाता येईल, नाहीतर अंगणातूनच सूर्यास्त बघा. सूर्य गेला की थंडी दार लावल्यासारखी एका क्षणात येते. घरांना हीटर नसतात. चार-पाच जड लोकरी कांबळी अंगावर येतात, त्यांच्या ओझ्याखाली कुशीवर वळणंही कठीण जातं. आतली उबदार कपड्यांची जोडी, कानटोपी, हेडटॉर्च हवंच. यजमानांना चॉकलेट-गोळ्या नेऊ नका. तांदूळ, साखर, तेल, फळं न्या, पुनोच्या मंडईतून. बेटांवर एटीएम नाही. सुट्टे सोल (पेरूचं चलन) पुनोतच करून घ्या.

दुसऱ्या दिवशी बोट ताकिलेला थांबते. इथे पुरुष विणतात. सात-आठ वर्षांच्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे, रस्त्याने चालताना, बाकावर बसल्या बसल्या, चार-पाच बारीक सुयांवर टोप्या विणत असतात. टोपीच्या रंगावरून माणूस लग्नाचा आहे की नाही ते कळतं. बायका मागावर कमरपट्टे विणतात, त्यांतल्या काहींवर शेतीच्या वर्षाचं अख्खं पंचांग चित्रांत असतं. या विणकामाला युनेस्कोने २००५ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. विक्री बेटाच्या सहकारी दुकानात ठरलेल्या भावाने होते. तिथे घासाघीस करू नका, एका टोपीत कित्येक दिवसांचं काम असतं. तुम्ही २५ जुलैच्या सुमारास तिथे असाल तर सांतियागोचा सण मिळेल. २८ जुलैला पेरूचा स्वातंत्र्यदिन, त्या आठवड्यात बसभाडी आणि खोल्या दोन्ही महागतात, आरक्षण आधी करा.

जे शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी. नुसतं 'सिन कार्ने' म्हणून भागत नाही, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गोमांस, कोंबडी त्यात धरत नाहीत. 'सिन कार्ने, सिन पोल्यो, सिन पेस्कादो' (मांस नको, कोंबडी नको, मासा नको) असं तिन्ही सांगा आणि सुपाचं पाणी मांसाचं आहे का ते 'काल्दो' शब्द वापरून विचारा. बेटांवर सोपं जातं, तिथलं रोजचं जेवणच मुळात बटाटा-धान्यांचं. मासे खाणाऱ्या मित्राला शहरात सगळीकडे त्रुचा, म्हणजे ट्राउट मिळेल. तो इथला मूळचा मासा नाही, विसाव्या शतकात बाहेरून आणून सोडलेला आहे. मी सोबत मेतकूट नेतो. गरम भात, चीजचा तुकडा आणि मेतकूट, आमान्तानीच्या यजमानीणबाईंनी एकदा माझ्याकडून डबाच मागून घेतला.

उन्हाला कमी लेखू नका. पुनो विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेवढं आहे, जवळजवळ तेवढीच उत्तरेला आपली सावंतवाडी. म्हणजे उन्हाची जात कोकणातलीच, वर पावणेचार किलोमीटर हवेचं पांघरूण काढून घेतलेलं. जुलैत दिवसा पंधरा अंशांच्या आसपास असतं, वारा गार लागतो, म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी नाक-ओठ सोलून निघतात. बोटीच्या टपावर बसायचं तर रुंद टोपी, गॉगल आणि ओठांना मलम लावूनच.

कागदपत्रांत भारतीय माणूस दोन ठिकाणी अडकतो. पहिलं, पिवळ्या तापाची लस. पेरू भारताच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तुम्ही फक्त पुनो-कुस्को फिरलात आणि जंगलाचं तोंडही पाहिलं नाहीत, तरी परत येताना भारतीय विमानतळावर लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस ठरावीक मान्य केंद्रांतच मिळते आणि ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तुम्ही जुलैत निघणार तर मे महिन्यातच नंबर लावा. दुसरं, कोकाची पानं. तिथे ती चहासारखी राजरोस विकतात, चघळतात, देवाला वाहतात. भारतात अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली ती बंद आहेत. चहाच्या पिशव्यासुद्धा आठवण म्हणून सॅकेत टाकू नका. पलीकडे बोलिव्हियात कोपाकाबानाला जायची हुक्की आली तर पुनोहून बसने तीन-चार तासच लागतात, पण त्या देशाचा व्हिसा वेगळा आहे आणि घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. सोळा दिवसांत मी तरी ते करणार नाही.

आणखी एक शब्द कानाशी ठेवा: 'पारो'. म्हणजे बंद, रस्ता रोको. या भागाची मध्यवर्ती सरकारवरची नाराजी जुनी आहे. जानेवारी २०२३ मध्ये हुलियाकात झालेल्या निदर्शनांत कितीतरी माणसं मारली गेली, ते दुःख तिथे ताजं आहे. रस्ता अडवलेला असेल तर तो फोडून जायचा हट्ट करू नका. बेतात एक दिवस मोकळा ठेवा आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बसस्थानकावर विचारून या.

चौथ्या दिवशी दुपारी सिल्युस्तानी बघून घ्या, पुनोपासून तीस-पस्तीस किलोमीटर. उमायो तळ्याकाठी कोल्या लोकांच्या सरदारांचे गोल दगडी मनोरे आहेत, काही बारा मीटर उंच, तळाशी बारीक आणि वर रुंद होत गेलेले. ती थडगी आहेत. दार पूर्वेला, जेमतेम सरपटत जाण्याएवढं. तिन्हीसांजेला तिथे वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

आणि कुस्कोची रात्रीची बस रद्द करा. दिवसाची घ्या. चार रात्री सरोवराकाठी काढल्यावर ला राया खिंडीत (४,३३५ मीटर) उतराल तेव्हा डोकं शांत असेल, श्वास लागला तरी घाबरायला होणार नाही. रस्त्याच्या कडेला अल्पाकांचे कळप आणि समोर बर्फाची शिखरं असतील. खिंडीच्या ज्या बाजूने तुम्ही आलात तिथलं पाणी तितिकाकात जातं आणि समुद्राला कधीच मिळत नाही. थोडंसं देसाग्वादेरो नदीने दक्षिणेला वाहतं, बाकीचं सगळं त्या विरळ हवेत, त्या उन्हात उडून जातं. पुढच्या उतारावरचं पाणी विल्कानोता नदीत पडतं, माचू पिच्चूच्या पायथ्याशी वळसा घालतं आणि ॲमेझॉनमधून अटलांटिकला पोहोचतं. तिथून कुस्कोच्या थोडं अलीकडेपर्यंत ती नदी खिडकीतून तुमच्या सोबत असते, रात्रीच्या बसमध्ये ती दिसत नाही.